लंबटांग्याचा पाय

प्राध्यापकांची अख्खी हयात लंबटांग्यांच्या अभ्यासात गेली. दिसायला कोळी, पण जाळं नाही, विष नाही. लेक लहान असताना ते तिला सांगायचे, "याला धरलं ना, की हा पाय तिथेच टाकून पळतो. पाय पुन्हा फुटत नाही, पण जीव वाचतो. आणि धरणारा खुळ्यासारखा त्या वळवळत्या पायाकडे बघत बसतो!"

आज तीच लेक "मी त्याच्याशीच लग्न करणार" म्हणाली, तेव्हा त्यांनी तिचा मोबाईल काढून घेतला. तिने निमूट दिला. मेसेजवर मेसेज येऊन मोबाईल थरथरत होता आणि हे दुपारभर डोळ्यांत तेल घालून त्याच्यावर पहारा देत बसले.

"अहो, पोरगी खोलीत नाही! बॅगही नाही!" बायको आतून ओरडली.



त्यांच्या मुठीत मोबाईल अजून वळवळत होता.