कागदावरचा दोन पॉइंट सहा

"चूक माझी आहे," सासरे म्हणाले. "बेअरिंग मीच बसवलं होतं."

विजेच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात चौघंच होते: मालक, धुलाई केंद्राचा इंजिनिअर, सासरे आणि सून. टेबलावर जळून काळं पडलेलं बेअरिंग होतं.

रोटर, म्हणजे मोटारीच्या आत फिरणारा भाग, बॅलन्स करायचं काम सुनेचं. तिच्या सहीचा कागद इंजिनिअरपुढे होता. कंपन दोन पॉइंट सहा. मर्यादा दोन पॉइंट आठ.

खरा आकडा होता चार पॉइंट तीन.

कंपन मोजलं त्या दुपारी मोटार न्यायला ट्रक दारात उभा होता. मोटार पुन्हा खोलून रोटर बाहेर काढायचा, वजनं लावायची, म्हणजे अडीच तास मोडणार. लेकीच्या शाळेतलं नाटक पाचला होतं. सुनेनं कागदावर दोन पॉइंट सहा लिहिलं आणि पर्स उचलली.

धुलाई केंद्रात दोन महिने मोटार चालली. मग त्या कंपनानं बेअरिंग जाम झालं, पंखा निखळला आणि तिथल्या कामगार बाईचा हात दोन ठिकाणी मोडला.

"रोटर नीट बॅलन्स केला होता ना?" इंजिनिअरनं सुनेला विचारलं.

तिनं कागदावरच्या आपल्या सहीकडे पाहिलं.

"तिचं काम चोख असतं," सासरे मध्येच म्हणाले. "माझं वय झालं. हात चुकला असणार."

"एकतीस वर्षांत कधी चुकला नाही," मालक पुटपुटला.

सासऱ्यांनी हत्यारांच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि उद्यापासून येत नाही म्हणाले.

घरी जाताना ते पुढे, ती चार पावलं मागे. नवरा गेल्यावर याच माणसानं तिला हाताला धरून बॅलन्सिंग मशीनसमोर उभं केलं होतं. लोकांची बोलणी स्वतः ऐकून घेतली होती. आज तिचा गुन्हाही त्यांनी पोटात घातला. तिला त्यांच्या पाठीकडेही बघवेना.

घरी आल्यावर ते खुर्चीत बसून आपले तळहात न्याहाळत राहिले. तिनं पाण्याचा पेला पुढे केला.

"बाबा, माझ्यासाठी एवढं करायला नको होतं."

"तुझ्यासाठी?" त्यांनी मान वर केली. त्यांना खरंच काही उमगलं नव्हतं. "तुझ्यासाठी कसलं, बाळा? काल रात्रभर विचार केला. असं झालं कसं? मग तुझा कागद पुन्हा वाचला. तू लिहिलेला आकडा काही खोटा नसणार. मग उरलं कोण? मीच."