पूर्ण बाही, कफ बंद

जळबा टेलरची उजवी बाही वरणाच्या बादलीत मनगटापर्यंत बुडाली, तरी त्यांनी ती वर केली नाही.

पळी उचलली की वरण कफावरून ओघळायचं आणि होणाऱ्या व्याह्यांच्या पानात पडायचं. तिथंही भाताच्या बराबर मधोमध. जळबांचं सगळं असं मापात असायचं.

"टेलरसाहेब, बाही घ्या की वर," व्याही म्हणाले.

"न्हाई जमत. उसूल हाय."

व्याही खूश झाले. उसुलासाठी नवा शर्ट वरणात घालणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितला होता. अशा घरात पोरगी द्यायला हरकत नाही.

आखाडा बाळापुरात कपड्याच्या बाबतीत जळबांचा शब्द शेवटचा. तसा माणूस मोकळा. शर्ट खोचावा, पण पोरांनी बाहेर सोडला तर माफ. पट्टा आणि बूट एका रंगाचे असावेत, पण नसले म्हणून कोणी मरत नाही. एकच नियम मोडायचा नाही : पूर्ण बाही, कफ बंद. "मनगट झाकलं की माणूस इमानदार दिसते," ते म्हणायचे.

मे महिन्यातसुद्धा गावातली पोरं कफ लावून फिरायची. एकाला ऊन लागलं, सलाईन लावायची वेळ आली, तर पठ्ठ्या नर्सला बाही वर करू देईना. शेवटी तिनं पायाला सुई टोचली.

बायको पद्माबाईंचा ब्लाउजसुद्धा पूर्ण बाहीचा. त्यांच्या हातावर मामाचं नाव गोंदलेलं होतं, रत्नपाल. मामा वारले होते. मेलेल्याचं नाव चारचौघांत मिरवू नये म्हणून झाकते, असं त्या सांगायच्या. गाव मात्र म्हणायचं, बायको असावी तर अशी, नवऱ्याचा नियम अंगावर घेणारी.

आज त्यांच्या पोराचा, धम्मदीपचा साखरपुडा होता, शिरड शहापूरच्या आकांक्षाशी. पहिली पंगत पोराच्या बापानं आपल्या हातानं वाढायची रीत, त्यामुळं जळबांची सुटका नव्हती. मागून धम्मदीपचे सहा मित्र भाजी घेऊन चालले होते. सहाही जणांचे कफ रश्शात भिजून लाल.

"काका, आमीबी न्हाई केली वर!" एकजण अभिमानानं ओरडला.

जळबा हसले, पण घाम फुटला होता. त्या बाहीखाली काय आहे ते घराबाहेर कोणालाच माहीत नव्हतं. लग्नाच्या आधी, औंढ्याच्या जत्रेत, मशिनवाल्याकडून त्यांनी नाव गोंदवून घेतलं होतं : मिराबाई. पुढच्याच महिन्यात मिराचं लग्न दुसरीकडं झालं. नाव राहिलं.

नवी नवरी असताना पद्माबाईंनी विचारलं होतं, "ही कोण?" त्यांनी आधीच आपल्या मामाचं नाव दाखवलं होतं, म्हणून जळबांना पटकन मावशी सुचली. "मावशी माझी. वारली बिचारी." दोघं मिळून थोडं रडलेसुद्धा. एवढ्या भोळ्या बाईला फसवल्याचं जळबांना आजवर वाईट वाटायचं.

आणि आता व्याह्यांच्या शेजारी त्यांची बहीण जिलेबी मोडत बसली होती. आकांक्षाची आत्या. केस पिकले होते, पण जिलेबी मोडायची तऱ्हा तीच. मिराबाई.

बाही वर गेली तर सोयरीक मोडणार, आणि त्याआधी संसार.

पलीकडं पद्माबाई फोनवर बोलत होत्या. "व्हय, वारंगा फाट्यावर उतरा. तिथून ऑटो भेटते." पाहुणे सकाळपासून येतच होते. फोन ठेवून त्या तडक पंगतीत आल्या.

"काय करून राहिले हो? वरण वाढून राहिले का कफ धुऊन राहिले?"

"राहू दे ना, पद्मा."

"काहून राहू दे? पाहुणे काय म्हणतील?" त्यांनी जळबांचा हात धरला, कफाचं बटण काढलं आणि बाही सर्रकन कोपरापर्यंत नेली. "लाजता कशाला? मावशीचं नाव हाय, चोरीचं न्हाई!"

व्याह्यांनी चष्मा सरळ करून वाचलं. "मि-रा-बा-ई. अरे वा! आमच्या ताईचंबी हेच नाव. ही काय, बाजूलाच हाय."

ताईच्या हातातली जिलेबी पानात पडली. ती त्या हाताकडं बघत राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "अजून हाय व्हय?"

हळू म्हणाली, पण सगळ्या पंगतीला ऐकू गेलं. सहा मित्रांनी सहा बादल्या खाली ठेवल्या. जळबांना वाटलं, बत्तीस वर्षांची शिलाई एका धाग्यानं उसवली.

पद्माबाईंनी नाव बघितलं. मिराबाईंकडं बघितलं. मग नवऱ्याकडं. आणि त्याच्या हातातली पळी काढून घेतली.

"मावशी, भात घ्या अजून," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "वारल्यापासून जेवल्या नसाल."

व्याही घास हातात धरून बसले. जळबा खाली मान घालून उभे होते, उघड्या मनगटावरून वरण ठिबकत होतं.

तेवढ्यात मांडवाच्या दारात ऑटो थांबला. एक उंच माणूस उतरला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, पूर्ण बाही, कफ बंद.

पद्माबाईंनी पळी नवऱ्याच्या हातात परत दिली, केसांवरून हात फिरवला आणि आपल्या ब्लाउजची बाही सावकाश वर सरकवली.

"अन् अजून एक पान मांडा," त्या म्हणाल्या. "माझे मामा आले."