पहिली दोन मिनिटं

वाचनालयातल्या संगणकाचा पडदा निळा झाला तेव्हा आजोबांनी हेडफोन नीट बसवला. त्यांना वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं.

काउंटरमागे बसलेल्या तिला मात्र लगेच कळलं, फाइलमध्ये पुढचं काही उतरलेलंच नाही. वाचनालयाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी संगणकावर उतरवून त्यांची सूची करणं, हे तिचं काम. फाइल शेवटपर्यंत पाहायची आणि मगच रजिस्टरात ‘तपासले’ लिहून सही करायची, असा नियम. ती पहिली दोन मिनिटं पाहायची. चित्र दिसलं, आवाज आला, की ठोकली सही. तीन महिन्यांत तीनशे बारा कॅसेटी! सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं होतं. एवढं भराभर काम कुणालाच जमलं नव्हतं, जमणार कसं?

आजोबांना हवा होता बावीस वर्षांपूर्वीचा कथाकथनाचा कार्यक्रम. त्यात त्यांच्या बायकोने गोष्ट सांगितली होती. “तिचे फोटो ढीगभर आहेत घरी,” ते आल्या आल्या म्हणाले होते. “आवाज कुठेच नाही.”

फाटकाशी ट्रकने हॉर्न दिला. तपासून झालेल्या कॅसेटींची पोती आजच भुगा करायला जायची होती.

ती धावतच ग्रंथपालांच्या खोलीत शिरली. “सर, एकशे सत्तेचाळीस नंबरची कॅसेट परत हवीय.”

त्यांनी रजिस्टर उघडलं. “ही सही तुमचीच ना?”

“हो.”

“मग आता कशाला हवी?”

मशीन बिघडलं होतं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. एक कॅसेट निघाली असती, कुणाला पत्ताही लागला नसता. पुढच्या महिन्यात तिला नोकरीत कायम करणार होते. पण उरलेल्या तीनशे अकरांचं काय? तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तिने रजिस्टर ओढून घेतलं आणि पानभर तिरकी रेघ मारली. मग पुढच्या पानावर. मग त्याच्या पुढच्या.

“अहो, वेड लागलंय का तुम्हाला?” सर उठलेच.

“एकही शेवटपर्यंत पाहिलेली नाही, सर. आधी ट्रक थांबवा.”

सरांनी रेघा मारलेली पानं उलटून पाहिली. मग त्यांनी फाटकावर फोन लावला. बाहेर घरघरणारं इंजिन बंद झालं.

ती धापा टाकत परत आली. आजोबा निळ्या पडद्यासमोर तसेच बसले होते, हात मांडीवर ठेवून. ती काही बोलणार, तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“थांब हं, पोरी,” ते हळूच म्हणाले. “तिला सुरुवात करायला जरा वेळच लागतो.”