चौदावी फुली

"याला रॅमच्या दोनच खाचा," अप्पा म्हणाले आणि त्यांनी वहीत फुली मारली.

धाकटीने डोळे मिटून घेतले. गेल्या रविवारी चार खाचांचा बोर्ड होता, तर त्याच्यावर उष्णता ओढून घेणारी पट्टी नव्हती. त्याच्या आदल्या रविवारी पट्टी होती, तर मागे यूएसबीची तोंडं कमी पडत होती. एका साध्या कॉम्प्युटरचा एक साधा, स्वस्तातला मदरबोर्ड ठरवायला चौदा रविवार गेले होते. एवढ्यात लोकांची लग्नं ठरून मोडतात.

"अप्पा, तुमचा प्रोसेसर साधा आहे. त्याचा वेग वाढवताच येत नाही. ज्याला शर्यतीत पळायचंच नाही, त्याला महागाचे बूट कशाला? यातला कुठलाही बोर्ड चालेल."

"चालणं वेगळं आणि टिकणं वेगळं."

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. अप्पांनी चौतीस वर्षं कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून काढली होती आणि वायर दोनदा तपासल्याशिवाय कधी बटण दाबलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर वायरिंगचे जुने नकाशे कॉम्प्युटरवर नीट काढून ठेवायचे, असं त्यांच्या मनाने घेतलं. हौसेने आधी प्रोसेसर आणला आणि मग बोर्ड निवडायला धाकटीला बोलावलं. घोड्याचा पत्ता नाही आणि लगाम घरात, असं ती तेव्हा हसून म्हणाली होती. आता तिला हसू येत नव्हतं.

आई वर्षभरापासून थोरल्याकडे होती, त्याची जुळी सांभाळायला. त्यामुळे अप्पांना ऐकवणारं दुसरं कोणी घरात नव्हतं.

धाकटी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. सहा दिवस मायक्रोस्कोपला डोळा लावायचा, कधी सकाळची पाळी, कधी रात्रीची. भाड्याच्या खोलीखाली पत्रे कापण्याचं वर्कशॉप. तिथे डोळ्याला डोळा लागणं मुश्किल. हातात उरायचा तो रविवार, तोही दोन बस बदलून इथे येण्यात जायचा. तिला तिचा रविवार परत हवा होता, बाकी काही नको. अप्पांवर माया नव्हती असं नाही, पण मायेलाही एखादी सुट्टी लागतेच की.

फोनवर ठरवू, असं तिने सुचवून पाहिलं होतं. असलं काही फोनवर ठरत नसतं, कागद समोर लागतो, असं म्हणून अप्पांनी ते उडवून लावलं. एक रविवार तिने दांडी मारली, तर त्याआधी जवळजवळ पक्का झालेला बोर्ड नेमका त्याच आठवड्यात बाजारातून संपला.

प्रोसेसरचा खोका कपाटावर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला होता. एकदा तिने तो उतरवायला हात वर केला, तसे अप्पा लगबगीने उठून आले. माणसाच्या हाताला वीज असते, बोर्ड येईपर्यंत त्याला कोणी शिवायचं नाही, असा त्यांनी दम भरला. इलेक्ट्रिशियनच तो, त्याच्याशी विजेवरून कोण वाद घालणार?

जेवण झाल्यावर ती नेहमीसारखी आतल्या खोलीत आडवी झाली. गादी नवीन होती. जुनीत ढेकूण झाले म्हणून बदलली, असं अप्पांचं म्हणणं. पहिल्या रविवारी ती बोर्डांची यादी हातात धरूनच खुर्चीत झोपून गेली होती आणि मान आखडून बसली होती. अप्पांनी तेव्हा तिची भरपूर थट्टा केली होती. आता ती झोपली की ते बाहेर वही घेऊन बसत आणि पान उलटल्याचासुद्धा आवाज येऊ देत नसत.

चार वाजता तिला जाग आली. अप्पांनी चहाचा कप पुढे केला.

"पुढच्या रविवारी आणखी दोन बघू. मी कागद आणून ठेवतो," ते म्हणाले.

बसस्टॉपकडे निघालेली धाकटी कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानाशी थांबली. आज काय तो सोक्षमोक्ष लावायचा. बोर्ड विकत घ्यायचा, तसंच मागे फिरायचं, अप्पांच्या देखत बसवून द्यायचा आणि पुढच्या रविवारी दिवसभर स्वतःच्या खोलीत पडून राहायचं, खाली पत्रे कापले जात असले तरी.

तिने दोन खाचांचा तोच बोर्ड मागितला. दुकानदाराने तो काढून काउंटरवर ठेवला आणि प्रोसेसर कोणता आहे ते विचारलं. जुन्या बोर्डाला नवा प्रोसेसर कधीकधी ओळखता येत नाही, म्हणून विचारावं लागतं, असंही तो म्हणाला. अप्पांच्या वहीतल्या ज्या पानावर प्रोसेसरचं नाव होतं, त्याचा फोटो तिने मोबाइलवर दाखवला.

दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला.

"हे अक्षर ओळखतो मी. दर बुधवारी येतात, दोन बोर्डांची माहिती छापून नेतात. इलेक्ट्रिशियन ना?"

"माझे वडील."

"मग बोर्ड कशाला घेताय? प्रोसेसर तर त्यांनी तेव्हाच परत केला. आणून चार दिवसही झाले नव्हते. मी तो दुसऱ्या मशीनला बसवून टाकला. रिकामा खोका तेवढा मागून घेऊन गेले."

"परत केला? का?"

"गादी घ्यायची होती म्हणाले. मुलगी दमून येते, घरी आली की तिला झोप लागते."

धाकटीने काउंटरवरचा बोर्ड हळूच दुकानदाराकडे सरकवला.

"यात आणखी एखादी खोट सांगा," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी अप्पांना सांगता येईल अशी."