हजार ओहमचं बोट

बकुळ रांगू लागली आणि माझं बी.एस्सी. जागं झालं. लाळेने ओल्या बोटाचा रेझिस्टन्स धरला हजार ओहम, प्लगमध्ये दोनशे तीस व्होल्ट. करंट पाव अँपिअरला टेकला, पॉवर त्रेपन्न वॉट. पोरीचा बल्बच व्हायचा! तेव्हापासून ती खाली उतरली की मी गुपचूप मेन स्विच बंद करते.

झाशीचा जून, आणि कूलर गप्प. सासूबाई विंझण्याने वारा घेत बिजलीवाल्यांचा उद्धार करायच्या. शेवटी त्यांनीच लाइनमनला बोलावलं.

तो म्हणाला, "अम्माजी, लाइट तो पूरे मोहल्ले में है. आपका मेन किसने बंद किया?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"बकुळ हल्ली कशालाही हात लावते हो," मी म्हणाले.

मेन स्विच दाराच्या चौकटीवर आहे. मला स्वतःला स्टूल लागतं.