चारशे ग्रॅम

"चारशे ग्रॅम कमी," तपासनीस म्हणाला. चष्मा कपाळावर सारून त्यानं काटा शून्यावर आणला आणि पुन्हा वजन घेतलं. उघड्या चाकांची ती छोटी रेसगाडी काट्याच्या चार पाट्यांवर उभी होती, चिमी अजून आतच बसलेली. आकडा हलला नाही.

शर्यत संपल्यावर गाडी आणि चालक मिळून ठरलेलं वजन भरलंच पाहिजे, असा नियम. सकाळच्या शर्यतीतला चिमीचा दुसरा नंबर गेला. दुपारची अंतिम शर्यत आता सगळ्यांत मागून सुरू करायची.

बाबांना पटेना. फ्रेमची नळी न नळी त्यांच्या हातची. पोर अंगानं काडी, म्हणून सीटखाली शिशाच्या पट्ट्या बसवलेल्या. पेट्रोल किती जळेल, लेकीचा घाम किती गळेल, सगळं धरून त्यांनी सकाळी शिसं कानशीनं घासलं होतं. फुकटचं ओझं त्यांना खपत नसे.

मग त्यांचं लक्ष तिच्या डोक्याकडे गेलं.

"हे कुठलं?"

दादाचा चेहरा उतरला. जुन्या जड हेल्मेटनं बहिणीची मान धरायची, म्हणून त्यानं गुपचूप नवं आणलं होतं आणि ऐन सुरुवातीला तिच्या डोक्यावर चढवलं होतं. किती हलकं आहे, हे तो बाबा सोडून सगळ्यांना कौतुकानं सांगत सुटला होता. वजनाचं मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

तो चिमीच्या कानाशी वाकला. "जुनं व्हॅनमध्ये आहे. रंग तोच. पटकन बदल, परत काट्यावर बस."

"शर्यतीत ते डोक्यावर होतं का?" चिमीनं विचारलं आणि उठून गाडीबाहेर आली.

गाडी ढकलत त्यांनी आपल्या जागेवर आणली. दादानं एकाएकी ड्रिल उचललं. "इथं भोक पाडतो, आणखी एक पट्टी—"

"खबरदार!" बाबा ओरडले. "नळीला एक भोक पडलं तर आख्खी फ्रेम बाद. होत्या त्याच भोकांत, जुन्या पट्ट्यांवर चढवायची. लांब बोल्ट लागतील."

लांब बोल्ट नव्हते. दादा शेजारच्या गोटात गेला. चिमीचा दुसरा नंबर आता तिथल्या मिशीवाल्याकडे गेला होता. त्यानं डब्यातून दोन बोल्ट काढून दिले. वर म्हणाला, "घट्ट आवळा. निसटून माझ्या वाटेत पडायला नको!"

"तुमच्या मागेच असेल ती," दादा पुटपुटला.

"थोडा वेळ," मिशीवाला हसला.

बाबांनी पट्टी धरली, चिमीनं सीटखाली हात घालून बोल्ट आवळले. पाना घसरून बोटाचं साल निघालं. तिनं बोट तोंडात धरलं, मग पुन्हा पाना लावला. काट्यावर वजन भरलं, थोडं जास्तच. बाबांनी कानस उचलली नाही.

दादा जुनं हेल्मेट घेऊन आला. "हेच घाल बाई. नव्याचा पायगुण बघितलास ना."

"शिसं काय उगाच वाढवलं?" चिमीनं नवं हेल्मेट चढवलं, पट्टा हनुवटीखाली ओढला.

रांगेच्या अगदी शेवटी तिची गाडी लावून दादा तिथंच घुटमळला. पुढे नुसती गाड्यांची रांग.

"मागे कुणीच नाही गं."

"बरंय," चिमी म्हणाली. "आरशात बघायचं काम वाचलं."