राहिलेले फोटो

"रोज एकच," बाबा म्हणाले. "आणि दोन ओळींच्या वर नको. लोक दारात उभ्या उभ्या वाचतायत असं समज."

मुलीला हसू आलं. ज्या कामाचा ती कंपनीत पगार घेत होती, तेच बाबा तिला शिकवत होते. इतकी वर्षं तिने दुसऱ्यांच्या साबणांसाठी आणि रंगांसाठी मोबाइलवर रोज दोन ओळी टाकल्या होत्या. आता पहिल्यांदाच घरचं काम आलं होतं, बाबांच्या फ्रेमच्या दुकानाचं.

त्यांचा फोन आला होता तो थेट मुद्द्यावर. "दुकान वाढवायचंय. येशील का थोडे दिवस? ते मोबाइलवर रोज टाकतात ना, तसलं काहीतरी करावं लागेल."

लहानपणी तिच्या तळव्यात काच घुसली, तेव्हापासून बाबांनी तिला दुकानाची पायरी चढू दिली नव्हती. काचेचं काम, तू लांबच बरी, हे ऐकतच ती मोठी झाली. आई गेल्यावर तर दोघांचं बोलणं जेवलात का, जेवलीस का, एवढ्यावर आलं होतं. त्या माणसाने आपणहून बोलावलं म्हटल्यावर तिला आभाळ ठेंगणं झालं. तिने लांब रजा टाकली आणि मनातल्या मनात राजीनामाही लिहून टाकला.

येताना ती अख्ख्या महिन्याचा आराखडा घेऊन आली होती. आज लाकडाचे नमुने, उद्या काच कशी कापतात, परवा जुनं-नवं. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून तो कागद नीट वाचला आणि तितक्याच नीटपणे बाजूला ठेवला. मग मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. फ्रेम करायला टाकून लोक न्यायला विसरलेले फोटो तिथे दाटीवाटीने टांगले होते. अवघडून बसलेली नवरा-नवरी, फुटबॉलचा हरलेला संघ, टबात बसलेलं गुटगुटीत बाळ, कुणाचा तरी तिरळा कुत्रा.

"यातला रोज एक टाक. खाली लिही, तुमचा आहे, घेऊन जा."

"आणि नवीन काहीच नाही?"

"दुकान वाढवायचं तर आधी भिंत मोकळी नको?"

तिला पटलं. तिच्या साहेबांना जन्मात सुचलं नसतं असं हे डोकं होतं.

पहिल्या दिवशी तिने बाळ टाकलं. "हे बाळ कधीपासून टबात बसलंय. कोणीतरी बाहेर काढा हो." दुसऱ्याच संध्याकाळी बाळ स्वतः आलं. त्याला मिसरूड फुटली होती आणि लाजेने त्याचे कान लाल झाले होते. मग ती दोन ओळींची गंमत या मोबाइलवरून त्या मोबाइलवर गेली आणि दुकानात माणसं येऊ लागली. कुत्रा गेला, संघ गेला. एक म्हातारी नवऱ्याचा फोटो न्यायला आली. तिने पदराने काच पुसली आणि ती म्हणाली, हा घरी नेला की ते खरोखर गेले असं होईल, म्हणून मी येत नव्हते.

"फोटोला घाई नसते, बाई," बाबा म्हणाले आणि त्यांनी तो हळुवारपणे बांधून दिला.

येणारे नवीन कामही घेऊन येत. बाबा ते हात जोडून परत पाठवत. आधी राहिलेलं संपू दे, म्हणत. मुलगी चिडायची. एवढी धडपड करून गिऱ्हाईक आणायचं आणि हे दारातूनच वाटेला लावतात. शेजारचा गाळा रिकामा होता. तिने परस्पर त्याच्या मालकाशी बोलणं केलं. बाबांना सांगितलं तर ते नुसतं "बघू" म्हणाले.

अधूनमधून सकाळी ते काम आहे म्हणून बाहेर जात. एकदा आले तेव्हा कोपराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी होती. काच लागली, म्हणाले.

"आता तुम्हालाच काचेपासून लांब ठेवायला हवं," ती म्हणाली. बाबा खूप दिवसांनी मोकळं हसले. शर्ट त्यांच्या अंगावर लोंबत होता. स्वतःच्या हातचं खाऊन आणखी काय होणार, असं तिला वाटलं. आता आपण आलोच आहोत, तब्येत सुधारेल, असंही वाटलं.

भिंतीच्या कोपऱ्यात खाकी कागदात बांधलेली एक फ्रेम होती. तिने ती सोडायला घेतली तेव्हा बाबांनी हात धरला. तिचं गिऱ्हाईक ठरलेलं आहे, म्हणाले.

शेवटची नवरा-नवरी आपल्या नातवाला घेऊन आली आणि भिंत मोकळी झाली. फोटोंच्या जागी फक्त फिकट चौकोन राहिले. मुलीने उद्याच्या दोन ओळी लिहून बाबांसमोर धरल्या. 'भिंत मोकळी झाली. आता आम्ही दुकान वाढवतोय.'

बाबांनी त्या दोनदा वाचल्या. "छान लिहिलंस. शब्दही बदलू नकोस."

"गाळ्याचा मालक उद्या येतोय, बाबा. आणि मी राजीनामा दिलाय. आता इथेच."

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. मग कोपऱ्यातली फ्रेम काढून त्यांनी तिच्या हातात दिली.

"हिचं गिऱ्हाईक तू."

तिने दोरा सोडला. दुकानातलं सगळ्यात चांगलं लाकूड, सांधा शोधून सापडू नये असे कोपरे. आत बाबा होते. केस विंचरलेले, शर्टाला इस्त्री, आणि तो शर्ट आतासारखाच खांद्यावरून उतरलेला. फोटो ताजा होता.

तिने त्यांच्या कोपराकडे पाहिलं.

"काच लागली नव्हती ना, बाबा?"

"नाही," बाबा म्हणाले. त्यांनी आधी आतला दिवा बंद केला, मग बाहेरचा. तिला हाताला धरून पायरी उतरवलं आणि दोन्ही हातांनी शटर खाली ओढलं.

"फोनवर सांगितलं होतं ना तुला. दुकान वाढवायचंय."